बारावी चादर

सोमवार, १९ जानेवारी १९७६. सकाळी दहा चाळीसला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या शाळेत, चौथीच्या वर्गात, एक लखोटा आला. आत टंकलेल्या नऊ ओळी होत्या. शिष्यवृत्ती परीक्षेला कोणाचे अर्ज पाठवायचे हे ठरवण्यासाठी दहा तारखेला जी निवड चाचणी झाली, तीत या वर्गातल्या चौदांपैकी तेरा मुलांनी कॉपी केली आहे, सबब त्यांचे अर्ज रोखले आहेत. खाली सही जोतीराम देशमाने यांची. आसपासच्या नऊ शाळांनी मिळून ही चाचणी घेतली होती आणि देशमाने त्या नऊ शाळांच्या समितीचे चिटणीस होते.

वर्गशिक्षिका महादेवी बिराजदार यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं उदाहरण पुरं केलं. मग मुलांना मधली सुट्टी दहा मिनिटं आधीच दिली. सतरा वर्षांच्या नोकरीत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

कॉपीचा पुरावा म्हणून पत्रात एकच गोष्ट होती, सातवं उदाहरण. 'एका मागावर सलग बारा चादरी विणल्या. त्या सर्व सुट्या करण्यासाठी किती वेळा कापावे लागेल?' छापील उत्तर अकरा. तेराही जणांनी बारा लिहिलं होतं. बाकीच्या आठ शाळांत एकाही मुलाने बारा लिहिलं नव्हतं. तेरा जणांची चूक एकसारखी, म्हणजे ती एकाच तोंडातून आली, असा समितीचा तर्क. शेवटच्या दोन ओळींत सवलत दिली होती. उत्तर आपणच सांगितले असे वर्गशिक्षिकेने शनिवार दि. २४ रोजी चार वाजेपर्यंत लेखी कबूल करावे व ती कबुली वर्गात वाचून दाखवावी. तसे केल्यास मुलांना निर्दोष समजून अर्ज पुढे पाठवले जातील.

"दोन ओळी तर लिहायच्यात की ओ बाई," मुख्याध्यापक वीरभद्रप्पा हत्तुरे म्हणाले. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, मनाने सरळ, पण भांडणाला भिणारे. "उत्तर मी सांगितलं म्हणून लिहा. तुम्हाला एक ठपका, पोरं सुटली. आणीबाणीचे दिवस आहेत, बघताय न्हवं? भिंतीभिंतीवर शिस्त लिहून ठेवलीय."

"आणि वर्गात वाचून दाखवायचं?"

"वाचा की. पोरांना काय कळतंय त्यातलं?"

"गुरुजी, त्यांना कळतं म्हणूनच ही भानगड झालीय."

तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण भानगड नेमकी काय आहे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? चाचणी सुटल्यावर प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा सातव्या उदाहरणाचं उत्तर त्यांनी स्वतः अकराच काढलं होतं. दुधनीच्या शेतकऱ्याच्या घरातल्या त्या. तुरीच्या पेंढ्या आणि बैलांचे कासरे यातच त्यांची मोजणी शिकून झाली होती. माग त्यांनी सोलापुरात येईपर्यंत पाहिला नव्हता, आणि आल्यावरही गल्लीतून जाताना खडखडाटच तेवढा ऐकला होता.

त्यांच्या वर्गाचा एक रिवाज होता आणि त्यावरून बाकीचे शिक्षक हसत. उदाहरण वाचलं की पाटीला हात लावायचा नाही. त्यात काय घडलंय ते आधी शेजाऱ्याला सांगायचं, आपल्या घरच्या भाषेत. मग कानडी, तेलुगू, दखनी आणि कुंभारी गावाकडची मराठी असा चारी बाजूंनी एकच गलका उठे. "बिराजदारबाईंचा बाजार भरला," असं शेजारच्या वर्गातून ऐकू येई. गोष्ट सांगून झाली की चित्र काढायचं, आणि मगच आकडे. 'बाई, बेरीज का वजाबाकी?' असं विचारणाऱ्याने उभं राहून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची. दुसऱ्या शाळांत हे काम सोपं केलेलं होतं. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'कापले' दिसलं की तुकड्यांतून एक वजा. मुलं घडाघडा पाठ म्हणत आणि गुणही मिळवत.

सुट्टी संपल्यावर बाईंनी पत्राचा विषय काढला नाही. फळ्यावर सातवं उदाहरण लिहिलं आणि म्हणाल्या, "शरणम्मा, गोष्ट सांग."

शरणम्मा ही विणकर ईरप्पाची मुलगी. नऊ वर्षांची, काटकुळी, आणि उभी राहिली की बाकावरच्या कोणीतरी चिमटा काढल्यासारखी भरभर बोलणारी.

"बाई, माग हाय. पयली चादर विणली. मग दशांसाटी जरा ताण्याचं सूत तसंच मोकळं सोडलं. मग दुसरी विणली. अशा बारा झाल्या. आता सुट्या करायच्या."

"कर."

ती हवेत हाताने कापत गेली. पहिली आणि दुसरीच्या मध्ये एक. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये दोन. सगळा वर्ग मोजत होता. अकराला सगळे थांबले, पण तिचा हात वरच राहिला.

"झालं की," बाई म्हणाल्या.

"कुटं झालं? बारावी अजून ताण्यालाच चिकटल्याली हाय. ती कोण काढणार?"

"तुजा बा!" मागून बिरदेव ओरडला आणि वर्ग खदखदून हसला.

"माजा बाच काढतोय रोज," ती वळून म्हणाली, "तुज्यासारखं नुसतं बसत न्हाय."

"आणि पहिलीचं पुढचं टोक?" बाईंनी विचारलं. "तेही मागालाच असेल ना? मग तेरा काप होतील."

"न्हाय ओ बाई. ते दांडीला बांदल्यालं असतंय. ते सोडायचं. सोडायला पातं कशाला लागतंय?"

महादेवीबाई खडू धरून उभ्या राहिल्या. आधी चित्र बघा, असं सतरा वर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या. या उदाहरणाचं चित्र त्यांनी स्वतः बघितलंच नव्हतं. दोरीचा तुकडा डोळ्यांपुढे आणला होता आणि मोकळ्या झाल्या होत्या.

"अकरा कोणी लिहिलं?"

किराणा दुकानदाराचा संगप्पा उभा राहिला. पत्रात नाव नसलेला चौदावा मुलगा हाच; बाकी तेरांचा माग रोजच्या पाहण्यातला. "मी सुतळी धरली बाई. आमच्या दुकानात सुतळीच कापत्यात."

"परीक्षेत कुठे बसला होतास?"

"दुसऱ्या बाकावर, मदी. हिकडं शरणम्मा, तिकडं बिरदेव."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी सव्वापाचला त्या ईरप्पाच्या घरी गेल्या. घर म्हणजे दोन माग आणि त्यांच्यामधून उरलेली जागा. ईरप्पाची बायको चंद्रव्वा कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरत होती. बाई दिसताच ईरप्पाने माग बंद केला, आणि अचानक झालेल्या शांततेत सगळ्यांनाच ओरडून बोलल्यासारखं वाटायला लागलं. मागावर चार चादरी तयार होत्या आणि त्या उतरवायच्याच होत्या.

"बाई, तुमी मोजा, मी कापतो," तो म्हणाला. एक, दोन, तीन. चौथा काप ताण्यावर. मग पुढे जाऊन त्याने दांडीची गाठ सोडली आणि चारी सुट्या होऊन त्याच्या हातावर आल्या. चार चादरी, चार काप. बाईंनी हेही लिहिलं, वेळेसकट.

"काय गुन्हा केला ओ पोरीनं?"

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. ईरप्पाने उतरवलेल्या चादरींची घडी घातली.

"मग असं करा की बाई. त्या सायबांना म्हणावं, तुमी अकराच काप मारा, आनि बारावी चादर पांघरून झोपा. मागासकट."

चंद्रव्वा हसली नाही. "फारमाचं काय हुणार, ते सांगा," ती म्हणाली.

ते बाईंना सांगता येईना. सही न करणं सोपं होतं. पण सही न करता तेरा अर्ज पुढे कसे जाणार, हे त्यांना चार दिवस विचार करूनही सुचलं नाही. शेवटी ज्यांची मुलं त्यांनाच विचारायचं ठरवून त्यांनी पालकांना निरोप धाडला.

शुक्रवारी दुपारी चार वाजता शाळेच्या अंगणात तेरापैकी नऊ घरची माणसं आली. बाईंनी पत्र मराठीत वाचलं, कानडीत समजावलं. तेलुगूत एका पालकाने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "सही केली तर अर्ज जातील, एवढं नक्की. नाही केली तर काय होईल ते मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

"मग करा की सही," रंभाबाई म्हणाली. बिरदेवची आई. कुंभारीहून रोज चालत येऊन पेठेत सूत गुंडाळायचं काम करणारी. "तुमाला बोल लागंल, व्हय. पर तुमची नोकरी हाय, बाई. माजं पोरगं लई हुशार हाय आनि फुडल्या वर्साला त्याला शाळंत ठिवीन का न्हाय, ते माजं मलाच ठावं न्हाय. त्याची एकदाच बारी हाय."

तिचं खरं होतं.

"आनि वर्गात वाचून दाखवत्याल, त्याचं काय?" चंद्रव्वा म्हणाली. "पोरीनं डोळ्यांनी बघितल्यालं लिवलं. आता तिला सांगायचं, तू बघितलंच न्हाईस, बाईनं कानात सांगितलं म्हणून? आनि मोट्या परिक्षंत बरोबर लिवलं तर? तवा बी म्हंत्याल, ह्यांची सवयच हाय."

"तवाचं तवा बगू."

"आताचंच बगायचं हाय, रंभाबाई."

बराच वेळ दोघीच बोलत राहिल्या. बिरदेव आईच्या मागे उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "आये, मी कुटं कॉपी केलीया? मी घरी कांड्या भरत न्हाय, पर शरणम्माच्या घरी रोज बगतो की."

रंभाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "जावा मग," ती म्हणाली. "पर मोकळ्या हातानं येऊ नगा."

शनिवारी तीन वीसला महादेवीबाई समितीच्या कचेरीत पोहोचल्या. बरोबर चौदा मुलं. संगप्पाला घरून नको म्हटलं होतं, तरी तो रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा होता.

देशमाने हे चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. चहासुद्धा परक्याच्या पैशाने न पिणारे. चाचणीची प्रश्नपत्रिका त्यांनी स्वतः काढली होती. मुलांची पलटण दारात पाहून त्यांनी चष्मा काढला.

"मोर्चा आणलात, बाई? सध्या बंदी आहे त्याला."

"मुलं आहेत, सर. कॉपी करतात म्हणे. समोर बसवून एक उदाहरण घाला. मी बाहेर उभी राहते."

"बाहेर कशाला? उभ्या राहा इथेच. फक्त तोंड भिंतीकडे करा."

बाई वळल्या. समोर भिंतीवर वेळेच्या किमतीचा फलक होता. पाठीमागून देशमान्यांचा आवाज आला, सावकाश, शब्द सुटा सुटा करून. "घड्याळात सहाचे टोले पडायला पंधरा सेकंद लागतात. तर बाराचे टोले पडायला किती लागतील?"

हे उदाहरण बाईंनी वर्गात कधीच घेतलं नव्हतं. सहाला पंधरा, बाराला तीस; मोठी माणसंसुद्धा तीसच म्हणतात.

पाटीवर पेन्सिल वाजली नाही. आधी कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता बाजार भरला. "गप्प!" देशमाने म्हणाले. "हेच ते. एकमेकांना सांगणं चाललंय."

"गोष्ट सांगतोय सर," बिरदेव म्हणाला. "उत्तर न्हाय."

मग टाळ्या ऐकू आल्या. कोणीतरी सहा टाळ्या वाजवल्या, थांबून थांबून. पुन्हा सहा. पुन्हा. मग शरणम्माचा आवाज आला. "सर, पयला टोला फुकटचा हाय. त्याला येळ लागत न्हाय. येळ लागतो मदल्या गपचीपला. सहा टोल्यांत गपचीप पाचच. पाचाला पंदरा, म्हंजे एकाला तीन. बारात अकरा गपचीप. अकरा त्रिक तेहतीस."

"तेहतीस," आणखी काही आवाज. "तेहतीस," संगप्पा.

देशमान्यांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. "वळा, बाई," ते म्हणाले. बाई वळल्या तेव्हा ते शरणम्मापुढे येऊन उभे होते. आवाजात राग नव्हता. "इथे एक कमी केलास. मग चादरीत का नाही केलास?"

"तितं शेवटची मागाला चिकटल्याली असती की सर. टोला कशाला चिकटतोय?"

"आणि हा," बाई संगप्पाकडे बोट करून म्हणाल्या, "हा दोघांच्या मध्ये बसला होता. दोन्ही बाजूंना बारा होतं. याने अकरा लिहिलं. कॉपी चालली होती, तर ती याला ओलांडून कशी गेली?"

"मला दिसलं होतं सर, दोघांचं," संगप्पा उत्साहाने म्हणाला. "मला वाटलं, ह्यांचं चुकलंय."

"म्हणजे बघितलंस!"

"बघितलं. पर लिवलं न्हाय."

देशमान्यांच्या ओठाचा कोपरा हलला. ते परत जाऊन बसले, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "बाई, तुम्हाला वाटतं मला कळलं नाही? कळलं. पण अकरा छापलंय. आठ शाळांतल्या मुलांना त्याचे गुण दिलेत. आता बारा बरोबर म्हटलं तर ती सगळी चूक. याद्या लागल्या आहेत. मी उद्या कोणत्या तोंडाने सांगू?"

"गुण देऊ नका. सातव्याला शून्य ठेवा. तेराही जण बाकीच्या गुणांवरच निवडीत बसतात, मी बेरीज केलीय. फक्त 'कॉपी' हा शब्द काढा."

"काढायचा तर कारण लिहावं लागतं."

"लिहा."

"काय लिहू? चिटणिसाला चादर कशी उतरवतात ते माहीत नव्हतं, असं?"

"मलाही नव्हतं, सर. मी तसं लिहून दिलंय." त्यांनी पिशवीतून कागद काढला. त्यात सतरा ओळी होत्या. उत्तर सांगितल्याची कबुली कुठेही नव्हती. बाकांची मांडणी होती, ईरप्पाच्या घरची तारीख, वेळ आणि चार काप होते, आणि शेवटचं वाक्य असं होतं, 'एकसारखे बरोबर उत्तर आले तर शिकवण आणि एकसारखे चुकले तर चोरी, हा नियम मला मान्य नाही.' "याची पोच द्या."

"हे घेतलं तर मला वर दाखवावं लागेल. तुमची बदलीसुद्धा होईल."

"होऊ द्या. पण आधी पोच."

चार वाजायला सहा मिनिटं असताना देशमान्यांनी शिक्का मारला. आवक क्रमांक ११२. तेरा अर्ज त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला, दोऱ्याने बांधून ठेवलेले होते. त्यांवर त्यांनी पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "या तुम्ही."

त्यानंतर काही कळलं नाही. सव्वीसची सुट्टी गेली. बुधवारी हत्तुरे गुरुजी चौकशीला गेले, तर चिटणीस कामात असल्याचं उत्तर मिळालं. गुरुवारी बाईंच्या नावे खुलासा मागवणारं पत्र आलं. वर्गात बाजार कशासाठी भरतो, याचा. बाईंनी त्याच दिवशी एका ओळीत उत्तर पाठवलं. 'गणितासाठी.' रंभाबाई रोज सकाळी फाटकाशी थांबून नुसती बघे. बाई नकारार्थी मान हलवत आणि ती कामाला जाई.

शनिवार, ३१ जानेवारी, हा अर्ज वर पाठवण्याचा शेवटचा दिवस. साडेचारला समितीचा शिपाई कापडात शिवलेलं, लाख लावलेलं पाकीट घेऊन टपाल कचेरीत गेला. आत किती अर्ज होते, ते तो सांगेना. त्याला माहीतही नसावं. टपालाची पावती मात्र त्याने हत्तुरे गुरुजींना दाखवली. तिच्यावर वजन होतं, आठशे नव्वद ग्रॅम.

सोमवारी, २ फेब्रुवारीला, अकरा वाजता महादेवीबाईंनी फळ्यावर नवं उदाहरण लिहिलं: पाकीट आठशे नव्वद ग्रॅम, तर आपले तेरा अर्ज आत आहेत की नाहीत? बाकीच्या आठ शाळांचे अर्ज एकाहत्तर, ही यादी गुरुजींकडे होती. संगप्पाचा एक. संगप्पाने शाळेत उरलेले दोन कोरे अर्ज दुकानाच्या काट्यावर ठेवून आणले होते, दोन्ही मिळून वीस ग्रॅम. वर्गाने गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि शेजारच्या भिंतीपलीकडून कोणीतरी छडी आपटली.

"बहात्तर असतील तर सातशे वीस," शरणम्मा म्हणाली. "मग कापड, लाख आनि पुठ्ठा मिळून एकशे सत्तर."

"पंच्याऐंशी असतील तर आठशे पन्नास," बिरदेव म्हणाला. "मग कापडाला चाळीसच उरत्यात. येवढं हलकं असतंय व्हय?"

"कापड असतंय. पुठ्ठा घातला असला तर न्हाय."

"पुठ्ठा होता का बाई?"

बाईंनी संगप्पाला शिपायाकडे पिटाळलं. तो पावणेबाराला परत आला. पाकीट शिपायाने शिवलं नव्हतं. शनिवारी दुपारी देशमाने सरांनी दार लावून घेतलं होतं आणि ते स्वतःच शिवलं होतं. पुठ्ठा घातला की नाही, ते शिपायाने पाहिलं नव्हतं.

रिकाम्या पाकिटाचं वजन अजून कळलेलं नाही. उदाहरण फळ्यावर तसंच आहे. कोपऱ्यात बाईंनी 'पुसू नये' असं लिहून ठेवलंय.